दुर्दृष्ट व्यवहार आणि त्याचा पुनर्न्याय

जुन्या निवाडपत्रांचा संग्रह करणारे गृहस्थ कागदाचा काल, शिक्का, वळण आणि शाई यांची परीक्षा मोठ्या काळजीनें करितात. परंतु तो कागद ज्या सभेंतून निघाला त्या सभेचें काम रीतीस धरून झालें होतें कीं नाहीं, आणि तिचा निर्णय पुढें टिकला कीं फिरला, ही चौकशी क्वचितच होते. अस्सल कागद म्हणजे अखेरचा निर्णय, असें आपण न कळत धरून चालतों. हा समज किती घातक आहे याचा अनुभव आम्हांस स्वतःस आलेला असल्यामुळें त्यापासूनच आरंभ करितों.

कांहीं वर्षांपूर्वीं येथें रत्नागिरीस एका स्नेह्यांनीं मोडी कागदांचा एक रुमाल आमच्याकडे वाचावयास आणला. त्यांत वतनाच्या तंट्याचा एक सुरेख महजर होता. हाजीर मजालशीचीं नांवें, दोन्ही वाद्यांचे करीने, साक्षी, शेवटीं नांगराच्या व इतर निशाण्या, सर्व कांहीं जागच्या जागीं. आम्हीं तो वाचला आणि एका घराण्याचा हक्क खोटा ठरला असा अभिप्राय लिहून दिला. तो अभिप्राय त्या घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांच्या कानीं गेला. ते आम्हांस येऊन भेटले व एवढेंच म्हणाले, “गुरुजी, आमचा पूर्वज त्या दिवशीं तेथें नव्हताच, असें आमच्या घरांत सांगत आले आहेत.” आम्हीं ती घरगुती दंतकथा समजून सोडून दिली. पुढें दोन महिन्यांनीं रुमालाच्या तळाशीं चिकटलेला एक फाटका बंद सुटा झाला. त्यांत हरलेल्या वाद्याची तक्रार होती: आपणांस न बोलावितां मजालस भरविली, मजालशींतले लोक प्रतिपक्षाच्या नात्यांतले, सबब पुन्हा मनसुबी व्हावी. ही तक्रार ऐकून घेऊन दुसऱ्या थळीं मनसुबी करण्याची आज्ञा झाल्याचेंही त्यांत लिहिलें होतें. अर्थात् आमचा सुरेख महजर हा रद्द झालेला कागद होता. आम्हीं त्या वृद्धांकडे जाऊन आपली चूक सांगितली. परंतु लेखी अभिप्राय तोंपर्यंत चार ठिकाणीं फिरला होता.

खालच्या सभेचा निर्णय वरच्या सभेनें केव्हां फिरवावा, याचा विचार आपल्याकडे इंग्रजी अमलाबरोबर आला असें पुष्कळांस वाटतें. धर्मशास्त्राचे व्यवहाराध्याय ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस तसें वाटणार नाहीं. याज्ञवल्क्यानें व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: भाषा म्हणजे वादीचें म्हणणें, उत्तर, क्रिया म्हणजे पुरावा, आणि निर्णय. यांतील पहिल्या दोन पादांविषयीं त्याचा कटाक्ष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वादीचें म्हणणें प्रतिवादीच्या समक्ष लिहावें, त्यांत वर्ष, मास, पक्ष, दिवस, नांव व जाति नमूद असावी. आणि प्रतिवादीचें उत्तरही पूर्वीच्या वादीच्या सन्निध लिहून घ्यावें. दोघांनीं एकमेकांचें म्हणणें समोरासमोर ऐकलें पाहिजे, हा नियम येथें सभ्यतेचा म्हणून सांगितलेला नसून कामाचें अंग म्हणून सांगितला आहे. वर सांगितलेल्या फाटक्या बंदांतील तक्रारीचें मूळ नेमकें हेंच.

निर्णय दुर्दृष्ट, म्हणजे वाईट रीतीनें पाहिलेला, झाला असल्यास राजानें तो पुन्हा पाहावा आणि चूक दिसल्यास जिंकलेल्या पक्षासह सभ्यांना वादाच्या रकमेच्या दुप्पट दंड करावा, असें त्याच स्मृतींत आहे. याच्या जोडीला लगेच उलट बाजूही आहे. जो न्यायानें हरला असूनही आपण हरलों नाहीं असें मानून पुन्हा येतो, त्यास पुन्हा हरवून दुप्पट दंड करावा. मनूचें म्हणणेंही याच धर्तीचें आहे. धर्मानें निकालास लागलेलें काम राजानें पुन्हा उकरूं नये; पण अमात्यानें किंवा प्राड्विवाकानें तें उलटें केलें असेल तर राजानें स्वतः पाहावें आणि त्यांस सहस्र पण दंड करावा. आजच्या काळीं न्यायाधीशाचा निर्णय वर फिरला तर त्याच्या खिशास झळ लागत नाहीं. प्राचीनांनीं ती लावली होती. हा नियम प्रत्यक्षांत किती पाळला गेला असेल याविषयीं आम्हांस शंका आहे. सभ्यांच्या गळ्याशीं एवढा दंड आणल्यावर सभेंत बसावयास कोण तयार होणार, हा प्रश्न व्यवहारी मनुष्यास सुचल्यावांचून राहत नाहीं.

या सर्वांत सूक्ष्म विचार नारदाचा आहे, आणि निवाडपत्रें वाचणारानें तो ध्यानांत घेतलाच पाहिजे. साक्षीदारांच्या दोषानें किंवा सभासदांच्या दोषानें जो हरला, त्याचें काम तो दोष दाखवून दिल्यास पुन्हा पाहतां येतें. पण जो आपल्या स्वतःच्याच वागणुकीनें हरला त्यास पुनर्न्याय नाहीं. स्वतःच्या वागणुकीनें हरणारे पांच प्रकारचे ‘हीन’ वादी त्यानें सांगितले आहेत: एक बोलून दुसरेंच बोलणारा अन्यवादी, पुराव्याचा द्वेष करणारा, हजर न राहणारा, उत्तर न देणारा, आणि बोलावणें गेल्यावर पळून जाणारा. म्हणजे ‘हजर नव्हता’ एवढ्यानें कांहींच ठरत नाहीं. बोलावूनही आला नाहीं कीं बोलावलेंच नाहीं, या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिला हीन, त्याचें दार बंद. दुसऱ्याचा निर्णय दुर्दृष्ट, त्याचें दार उघडें. निवाडपत्रांत ‘ताकीद पाठविली असतां आला नाहीं’ असें वाक्य असतें त्याचें प्रयोजन यावरून कळून येईल. पुढें होणाऱ्या तक्रारीचें दार तें आधींच लावून टाकतें. आमच्या महजरांत हें वाक्य नव्हतें, आणि त्याच्या अभावाकडे आमचें लक्ष गेलें नाहीं, हा आमचा खरा अपराध.

रीतीच्या दोषांची दुसरी एक यादी याज्ञवल्क्य देतो. बळानें किंवा कपटानें झालेले, रात्रीं झालेले, घराच्या आंत झालेले, गांवाबाहेर झालेले, शत्रूंनीं केलेले व्यवहार राजानें परतवावे. (या यादींत स्त्रियांनीं चालविलेले व्यवहारही आहेत, तो त्या काळचा दोष म्हणून सोडून द्यावा.) तसेंच मत्त, वेडा, पीडित, बालक, भ्यालेला यांनीं चालविलेलें काम सिद्ध होत नाहीं. येथें निर्णय खरा कीं खोटा हें कोणी विचारीत नाहीं. रात्रीं, बंद घरांत, चार मंडळी जमवून केलेला निर्णय कदाचित् बरोबरही असेल. तरी तो उघड्यावर झाला नाहीं म्हणून टिकत नाहीं. दिव्याच्या प्रकरणांत तर हा विचार हाताला लागेल इतका स्पष्ट आहे. अग्निदिव्यांत तळहातांवर भात चोळून आधींच्या खुणा पाहून ठेवावयाच्या, वर पिंपळाचीं सात पानें बांधावयाचीं, पन्नास पलांचा तापलेला लोखंडी गोळा घेऊन सात मंडलें चालावयाचीं. मध्येंच गोळा पडला, किंवा संशय उत्पन्न झाला, तर दिव्य पुन्हा करावें असें स्मृति सांगते. ज्याला आपण दैवी कौल म्हणतों तोही रीत बिघडल्यास ग्राह्य नाहीं! मराठी कागदांतील रवादिव्यांतही हीच सावधगिरी दिसते. हात धुवून, नखें काढून, तापलेल्या तेलातुपांतून रवा काढल्यावर हातास पिशवी घालून ती मोहोरबंद करीत व तिसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष उघडीत. त्या पिशवीवरील मोहोर शाबूत होती असा उल्लेख दिव्याच्या कागदांत आढळला तर तो निरर्थक पाल्हाळ समजूं नये.

कोणत्या सभेवर कोणती सभा, हें याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे. राजानें नेमलेले, मग पूग, मग श्रेणि, मग कुल, यांत पूर्वीचें तें श्रेष्ठ. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत याचा अर्थ असा लाविला आहे कीं, कुलानें दिलेल्या निर्णयानें ज्याचें समाधान झालें नाहीं त्यास श्रेणीकडे, तेथून पूगाकडे, तेथून राजाच्या अधिकाऱ्यांकडे जातां येतें. उलट दिशेनें नाहीं. रत्नागिरीच्या वाचकांस मिताक्षरेचें महत्त्व निराळें सांगावयास नको. उत्तर कोंकणांत व्यवहारमयूखाला जो मान आहे तो आमच्या जिल्ह्यांत मिताक्षरेला, असें इंग्रजी न्यायालयांनींच ठरविलें होतें. याज्ञवल्क्यस्मृति व मयूख यांचें भाषांतर १८८० सालीं प्रसिद्ध करणारे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे मुरुडचे. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडांत (१९४६) व्यवहाराचा साद्यंत ऊहापोह करणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हेही याच जिल्ह्यांतले, आणि तरुणपणीं कांहीं काळ रत्नागिरीच्या शाळेंत शिकवीत होते. कोंकणी मनुष्यास कज्ज्याची आवड असते ही थट्टा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्या आवडीनें शास्त्राचें कल्याणही केलें आहे, एवढें नमूद करून पुढें जातों.

मराठी कागदांकडे वळल्यावर शब्द बदलतात, सांगाडा तोच राहतो. वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. भाषा व उत्तर यांच्या जागीं दोघांचे करीने किंवा तकरिरा. क्रियेच्या जागीं साक्षी, जुने कागद, शेवटीं दिव्य. निर्णयाच्या जागीं महजर किंवा निवाडपत्र. शास्त्रकार ज्यास जयपत्र म्हणतात, ज्यांत पूर्वपक्ष, उत्तर, क्रिया व निर्णय हीं सर्व नमूद करावीं असें सांगतात, तेंच हें. काम सुरू होण्यापूर्वीं दोघांकडून राजीनामे घेत. आज या शब्दाचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद असा झाला आहे. त्या काळीं ‘या सभेचा निर्णय मान्य करूं’ अशी राजीखुषीची कबुली असा होता. त्याबरोबर जामीनकतबे. निकालानंतर जिंकणाराकडून हरकी, हरणाराकडून गुन्हेगारी, आणि हरणारानें आपण हरल्याचें लिहून दिलेलें यजितपत्र.

हे सर्व कागद एकमेकांच्या आधारानें उभे राहतात. राजीनामा नसेल तर सभेस अधिकार कोठून आला हा प्रश्न उरतो. यजितपत्र नसेल तर हरणारानें निकाल मानला कीं तो वर गेला, हा प्रश्न उरतो. दुर्दैवानें आपल्या संग्रहांत हे कागद फुटून निरनिराळ्या हातीं गेले आहेत. महजर दिसावयास भव्य, सांध्यांवर शिक्के, खालीं निशाण्या, म्हणून त्यास गिऱ्हाईक असतें. राजीनामा, जामीनकतबा हे चिठोऱ्यासारखे. ते रद्दींत जातात. विद्वानही छापतांना निवाडपत्र संपूर्ण देतात आणि जोडकागदांचा ‘इतर किरकोळ कागद’ असा उल्लेख करून मोकळे होतात.

वरच्या दरबारानें खालच्या सभेचें काम कसें तपासलें याचें नामांकित उदाहरण कऱ्हाडजवळच्या मसूरचें आहे. मसूरच्या पाटिलकीसंबंधीं जगदाळे आणि बापाजी मुसलमान यांचा तंटा होता. स्थानिक सभेंत बापाजी हरला. तो विजापुरास इब्राहीम आदिलशहाकडे गेला, आणि तेथील सभेनें पक्षपात केला असें गाऱ्हाणें त्यानें घातलें. आतां पाहण्यासारखी गोष्ट अशी कीं, वादी मुसलमान, प्रतिपक्ष हिंदू, दरबार मुसलमान. तरी पादशहानें मूळ प्रश्नाचा निकाल स्वतः लाविला नाहीं. पक्षपाताची शंका आहे ना, मग ज्या ठिकाणीं दोघांचेंही नातेंगोतें नाहीं अशा थळीं काम पुन्हा चालवावें, म्हणून त्यानें तें पैठणास पाठविलें. पैठण हें हिंदूंचें क्षेत्र व धर्मशास्त्राचें पीठ. मयूखकार नीलकंठाचें भट्ट घराणें काशीस गेलें तें येथूनच. पैठणासही बापाजी हरला आणि तोच निकाल कायम झाला. मसूरच्या जगदाळ्यांचे कागद राजवाड्यांनीं उजेडांत आणले, त्यामुळें हा प्रसंग आपल्यापुढें आहे.

या निकालांत विशेष काय, तर कांहींच बदललें नाहीं. पहिल्या सभेचा निर्णय खरा होता असेंच ठरलें. परंतु पैठणानंतर बापाजीला बोलावयास जागा उरली नाहीं. पहिल्या निर्णयावर जो डाग होता तो निर्णयाच्या खरेपणाचा नव्हता, सभेच्या निःपक्षपातीपणाचा होता, आणि तो डाग त्याच सभेच्या तोंडून धुतला गेला नसता. थळ बदलण्याची ही वहिवाट नारदाच्या ‘सभासदांचा दोष’ या कलमाचीच मराठी अंमलबजावणी होय, असें आमचें मत आहे. विजापूरच्या दरबारांत नारदस्मृति कोणी वाचून दाखविली असेल असें आम्ही म्हणत नाहीं. न्यायाची गरज सारखी असली म्हणजे उपायही सारखे सुचतात.

१६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं निराजी रावजी यांस न्यायाधीश हें पद मिळालें आणि काजीच्या जागीं संस्कृत शब्द रूढ झाला. पेशवाईंत पुण्याच्या न्यायाधीशांकडे परगण्यांतील कज्जे येत. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांचें नांव आज जें घरोघर आहे तें १७७३ मधील नारायणरावांच्या खुनाच्या प्रसंगानें. पण तो प्रसंग एका वेळचा. त्यांचें आयुष्य गेलें तें वतनाचे, वांटणीचे, जुन्या कर्जाचे रुक्ष कज्जे तपासण्यांत. कोणास त्यांची खरी ओळख करून घ्यावयाची असेल तर त्यानें नाटकें बाजूस ठेवून वाडांनीं निवडलेल्या रोजनिशांतील निवाडे वाचावे.

१८१८ नंतर कोंकणांत इंग्रजी अंमल बसला. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचाइतीची पद्धति गुणदोषांसह वर्णिली आहे. तिच्या दिरंगाईस तो नांवें ठेवतो, तरी ती एकदम मोडूं नये असेंही म्हणतो. १८२७ च्या कायद्यांनीं मुंबई इलाख्याच्या अदालतींस पक्कें रूप आलें. कागदांची भाषाही पालटली. करीन्याच्या जागीं फिर्याद व कैफियत, निवाडपत्राच्या जागीं फैसला व हुकूमनामा. १८५९ चा दिवाणी कामाचा कायदा आणि १८६२ सालीं उघडलेलें मुंबईचें हायकोर्ट यांनीं पुढची चौकट ठरविली. या चौकटींतला मुख्य विचार १९०८ च्या कायद्याच्या ९९ व्या कलमांत आजही आहे. ज्या चुकीनें निकालाच्या गुणावगुणास किंवा न्यायालयाच्या अधिकारास बाध येत नाहीं, तेवढ्या चुकीसाठीं निकाल फिरवावयाचा नाहीं. ११५ व्या कलमानें हायकोर्टास खालच्या कोर्टाचें काम तपासण्याचा अधिकार दिला. नसलेला अधिकार चालविला, असलेला चालविला नाहीं, किंवा चालवितांना बेकायदा अथवा महत्त्वाची अनियमितता केली, अशा वेळीं. पुढें १९७६ च्या दुरुस्तीनें दुसरें अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतें राहिलें, आणि २००२ पासून ११५ वें कलमही आखडलें. घटनेच्या २२७ व्या कलमाखालची देखरेख मात्र कायम आहे.

रात्रीं भरलेली सभा कशीही झाली तरी नको, असें स्मृति म्हणते. इंग्रजी कायदा विचारतो कीं त्यामुळें निकालांत काय बिघडलें? दोन्ही विचारांत तथ्य आहे. आमचा कल, संस्कृताध्ययनाचा तो परिणाम म्हणा हवें तर, पहिल्याकडे आहे. कारण निकालांत काय बिघडलें हें ठरविण्याचें साधन जें पुराव्याचें काम, तेंच रीत मोडल्यानें बिघडलेलें असतें.

याचें उदाहरण रत्नागिरीस जन्मलेल्या लोकमान्य टिळकांच्याच आयुष्यांत आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ सालीं वारले. मृत्युपत्रानें टिळक एक विश्वस्त झाले. १९०१ च्या जूनमध्यें औरंगाबादेस बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज यांनीं जगन्नाथ नांवाचा मुलगा दत्तक घेतला. पुढें ताईमहाराज फिरल्या, दुसरें दत्तविधान झालें, आणि औरंगाबादचें दत्तविधान घडलेंच नाहीं असा पक्ष उभा राहिला. त्यांतून टिळकांवर खोटी साक्ष वगैरे आरोपांची फौजदारी झाली. १९०३ मध्यें मॅजिस्ट्रेटनें अठरा महिन्यांची शिक्षा दिली, सेशन्सनें ती सहा महिन्यांवर आणली, आणि १९०४ मध्यें हायकोर्टानें ती रद्द केली. दिवाणी दाव्यांत पुण्याच्या न्यायाधीशानें १९०६ सालीं टिळकांचा पक्ष खरा धरला. १९१० सालीं हायकोर्टानें तो फिरविला. साक्षीदारांनीं दत्तविधानाची कथा रचली, असा त्याचा अर्थ झाला.

१९१५ च्या मार्चमध्यें विलायतेंत प्रीव्ही कौन्सिलानें हायकोर्टाचा निकाल रद्द केला. त्या निर्णयांतील मुद्दा आमच्या विषयाचा गाभाच आहे. साक्षीदारांच्या पूर्वीच्या कामांतील जबान्या दाव्यांत सरसकट दाखल करून घेतल्या होत्या आणि त्यांवरून साक्षीदार खोटे ठरविले होते. पण त्या जबान्यांतील ज्या वाक्यांशीं विसंगति दिसते तीं वाक्यें त्या साक्षीदारांस दाखवून खुलासा विचारला नव्हता. ज्यास खोटें ठरवावयाचें त्यास आधीं त्याचें विसंगत बोलणें दाखवावें, हा त्या वेळच्या साक्षीच्या कायद्याच्या १४५ व्या कलमाचा नियम. तो मोडला गेला. तो कायदा २०२४ पर्यंत चालला, आणि त्या कलमावर वाद निघाला कीं हा निर्णय उद्धृत होत असे. वादी आणि प्रतिवादी यांचें म्हणणें समोरासमोर लिहावें म्हणणारा याज्ञवल्क्य आणि विसंगति साक्षीदाराच्या समोर ठेवावी म्हणणारे लंडनचे न्यायमूर्ति यांच्यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

पुनर्न्यायासाठीं किती लांब जावें लागतें हाही प्रश्न जुनाच आहे. मसूरहून विजापूर, तेथून पैठण, रत्नागिरीहून मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचें मंडलपीठ कोल्हापुरास सुरू झालें व रत्नागिरी जिल्हा त्याखालीं आला. घाट चढून जावें लागतें, तरी मुंबईपेक्षां जवळ.

आतां संग्राहकांस एक विनंति. वर सांगितलेल्या फाटक्या बंदाचा पुढील भाग आमच्यापाशीं नाहीं. दुसऱ्या थळीं काय ठरलें तें त्यामुळें कळत नाहीं. बंद वरून अखंड असून खालीं सांध्यापाशीं तिरका फाटला आहे, व मागील बाजूस सांध्यावरील शिक्क्याचा वरचा अर्धा भाग राहिला आहे. शेवटची ओळ ‘हरदूजण’ या शब्दावर तुटते. दुसरा अर्धा शिक्का असलेला व वाक्याच्या मध्यापासून सुरू होणारा बंद कोणाच्या रुमालांत असल्यास त्यांनीं मंडळाकडे कळवावें. ते वृद्ध गृहस्थ अद्याप आहेत, आणि आमच्याकडे आले म्हणजे तेवढेंच विचारतात.